आंबोलीची रात्र
(शताब्दी महोत्सवात दिलेले व्याख्यान)



बेळगाव-निपाणीच्या माणसाला आंबोलीविषयी वेगळे सांगावे लागत नाही. पावसाळी सहल म्हटली की चंदगडमार्गे म्हणा, आजऱ्यावरून म्हणा, आपली वाट तिकडेच वळते. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीकडे इंग्रजांची रसद ज्या रस्त्याने चढत असे, त्यावरचा हा मुक्काम. रसद थांबली, मुक्काम राहिला आणि आपण तो आपला मानला. अलीकडे मात्र जो तो म्हणतो, ‘आंबोलीत आता पूर्वीचे काही राहिले नाही.’ या तक्रारीचा जरा विचार करावा, असे मनात आहे.

गर्दी हे उत्तर सर्वांच्या ओठांवर असते, आणि ते खोटे नाही. जुलै-ऑगस्टच्या रविवारी मुख्य धबधब्यापाशी वाहनांची रांग लागते आणि गाण्यांच्या गोंगाटात पाण्याचा आवाज बुडून जातो. त्या गर्दीवर कित्येकांच्या चुली पेटतात, हेही विसरून चालणार नाही. पण पाऊस काही कमी झालेला नाही; वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास तो आजही कोसळतो. कड्यावरचे धुकेही तेच आहे. मग हरवले काय?

माझ्या मते हरवला तो मुक्काम. पूर्वी एस.टी.ने जायचे म्हणजे परतीची गाडी चुकणे हा जणू कार्यक्रमाचाच भाग असे, आणि राहावे लागे. दिवे गेले की बेडकांचा कल्लोळ सुरू होई आणि पोरे आईला बिलगत. आता आपण सकाळी निघतो. धबधबा, कावळेसाद, जेवण आणि छायाचित्रे आटोपून दिवेलागणीला घरी पोहोचतो. आंबोलीची रात्र आपल्या वाट्याला येतच नाही.

जे रात्री राहिले, त्यांना काय मिळाले पाहा. केवळ आंबोलीच्या परिसरातच आढळणाऱ्या एका भेकाची, म्हणजे जमिनीवर वावरणाऱ्या बेडकाची, नवी जात म्हणून शास्त्रीय नोंद २००९ साली झाली. कातळावरच्या पावसाच्या डबक्यांत त्याची वीण होते. पुढे २०२० साली हिरण्यकेशीच्या देवळापाशी माशाची एक नवी जात नोंदली गेली आणि तिला नदीचेच नाव मिळाले. त्या पाण्यात आपण किती वर्षे हातपाय धूत आलो, आणि हा चिमुकला जीव आपल्या पायांशीच होता! २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तेवढा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. क्षेत्र जेमतेम दोन हेक्टरांचे. आपल्याकडची उसाची शेतेही कधी त्याहून मोठी असतात.

संकेश्वरच्या पुलाखालून वाहते ते याच हिरण्यकेशीचे पाणी. पुढे घटप्रभेला मिळून ते गोकाककडे जाते. म्हणजे आंबोलीचे जे होईल, ते आपल्या दाराशी आल्यावाचून राहत नाही.

पावसातल्या रात्री हे बेडूक रस्ता ओलांडतात आणि धावत्या चाकांखाली सापडतात. म्हणून कार्यकारी मंडळाला एक विनंती आहे. वाचनालयाची सहल निघालीच, तर एक रात्र मुक्कामाची ठेवावी, अंधार पडल्यावर गाडी जागची हलवू नये, आणि कातळापर्यंत सर्वांनी पायी जावे. विजेऱ्या बरोबर घ्याव्यात. छत्री ज्याने त्याने आपापली आणावी. तिथल्या पावसात एका छत्रीत दोघे मावत नाहीत.