दोन चमचे आत, तिसऱ्याला सगळं बाहेर

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

परवा रात्री साडेदहाला एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, हा दोन चमचे खातो आणि तिसऱ्याला सगळं बाहेर काढतो. दूधसुद्धा. मी काय चुकतेय?" मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं, आणि खरं सांगू का, तिचंही. मी म्हटलं, आधी त्याला पाज, झोपव, उद्या निवांत बोलू. दुसऱ्या दिवशी तिच्याशी जे बोलले तेच आज तुमच्याशी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मी फक्त एका सहज ओकणाऱ्या बाळाची आई आहे, आणि यात मी एक मोठी चूक केली होती.

आमची चिऊ पहिल्यापासून दूध टाकायची. पाजलं, खांद्यावर घेतलं, ढेकर आली की गुळणी. माझ्या प्रत्येक कुर्त्याच्या डाव्या खांद्यावर डाग. वजन छान वाढत होतं म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. बाळांच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप अजून ढिली असते, आहार सगळा पातळ, आणि दिवसाचा बराच वेळ आडवं राहणं. त्यामुळे बऱ्याच बाळांना असं होतं. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास ते सर्वांत जास्त असतं आणि बहुतेकांचं वर्षापर्यंत थांबतं.

सहा महिने पूर्ण झाले आणि सातव्यात उष्टावण केलं. मुलीचं विषम महिन्यात करायचं, हे सासूबाईंनी आधीच ठरवलं होतं. मामाच्या मांडीवर बसवली, सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवली, सगळ्यांनी फोटो काढले. चिऊनं तोंड वेडंवाकडं केलं आणि मामाच्या नव्या सदऱ्यावर सकाळपासूनचं सगळं दूध. सगळे हसले. मीही हसले. पुढचा दीड महिना मात्र मी हसले नाही.

दुसऱ्या दिवसापासून नाचणीसत्त्व सुरू केलं. ओकली. दोन दिवसांनी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी. ओकली. केळं कुस्करून दिलं, तर चमचा तोंडात जायच्या आत उबळ. आमच्याकडे पद्धत अशी की पाय पसरून बसायचं, बाळाला पायांवर आडवं घ्यायचं आणि वाटी-चमच्यानं भरवायचं. सासूबाई साताऱ्याच्या, त्यांनी दोन मुलं अशीच वाढवली. त्या भरवायच्या तेव्हा निदान गाणी म्हणायच्या. मी भरवताना घड्याळ बघायचे. वाटी संपली पाहिजे, एवढंच डोक्यात.

मग दृष्ट काढून झाली. मीठ-मोहरी ओवाळली, त्यानं माझंच मन जरा हलकं झालं, चिऊचं काही थांबलं नाही. आणि मग मी ती मोठी चूक केली. मला वाटलं, घट्ट अन्न हिला सोसत नाही. म्हणून सगळं पातळ करायला लागले. डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, नाचणीची अगदी पाण्यासारखी आंबील, आणि तीही चहाच्या गाळणीतून गाळून. ते जरा आत राहायचं. मी खूश. पोट भरतंय ना, झालं तर.

साडेसात महिन्यांची असताना लसीकरणाच्या कार्डावर वजन लिहिलं गेलं : 6.9 किलो. सहा महिन्यांची होती तेव्हा 6.8 होतं. दीड महिन्यात 100 ग्रॅम! कार्डाच्या मागे तो वाढीचा आलेख असतो ना, त्यावर आतापर्यंत वर चढत गेलेली तिची रेघ एकदम आडवी झाली होती. ती रेघ बघून माझ्या पोटात खड्डा पडला.

आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी मला एकच विचारलं, "घरी कसं भरवता, करून दाखवा." नशिबानं डब्यात खिचडी होती. मी तिथेच खुर्चीत मांडीवर तिला आडवी घेतली, एका हातानं तिचे दोन्ही हात धरले, चमचा पार आत घातला. ती रडायला लागली, तोंड उघडलं, मी दुसरा चमचा घातला. तिला उबळ आली. मॅडमनी हळूच माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

त्या काही बोलल्या नाहीत त्या वेळी. पण मला दिसलं. मी माझ्या लेकीचे हात धरून ठेवले होते, आणि ते मला दीड महिना दिसलं नव्हतं. चमचा बघितला की ती मान फिरवायची, ओठ घट्ट मिटायची, आणि मी त्याला "नखरे" म्हणत होते. सहा महिन्यांच्या बाळाला नको म्हणायला दुसरी भाषा कुठली असते?

मग त्यांनी शांतपणे समजावलं. ते मी माझ्या शब्दांत सांगते.

पहिली गोष्ट, उबळ म्हणजे आजार नव्हे. घशात नको ती वस्तू जाऊ नये म्हणून शरीरानं बसवलेला तो पहारेकरी आहे. मोठ्या माणसांत तो जिभेच्या अगदी मागे असतो, लहान बाळांत बराच पुढे. म्हणून चमचा थोडा आत गेला तरी तो जागा होतो. बाळ जसजसं तोंडात वस्तू घालतं, चघळतं, तसतसा तो मागे सरकतो. खेळणं चोखणं, स्वतःची मूठ तोंडात कोंबणं, हा सगळा त्याचाच सराव. काही बाळांचा पहारेकरी जरा जास्तच तत्पर असतो, आणि वर झडप ढिली. मग नुसत्या उबळीवर भागत नाही, सगळं बाहेर येतं.

उबळ आणि घशात अडकणं यांतला फरक मात्र प्रत्येक घरात माहीत हवा. उबळ येते तेव्हा आवाज होतो, चेहरा लाल होतो, जीभ बाहेर येते, बाळ स्वतःच ते पुढे ढकलतं. अशा वेळी बोट घालू नका, पाठीवर थापट्या मारू नका, थांबा. खरंच अडकतं तेव्हा आवाज येत नाही. खोकता येत नाही, रडता येत नाही, ओठ निळसर व्हायला लागतात. तेव्हा एका क्षणाचाही वेळ नसतो : बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि कुणीतरी मदतीला फोन. हे ऐकून येत नाही. दवाखान्यात विचारा, बाहुलीवर करून दाखवतात, घरातल्या आजीलासुद्धा शिकवा.

दुसरी गोष्ट माझ्या त्या पातळ पाण्याची. बाळाचं पोट किती, तर साधारण एका किलो वजनाला 30 मिली. म्हणजे सात किलोच्या चिऊचं जेमतेम 200 मिली, आपल्या घरातली एक वाटी. ती वाटी मी डाळीच्या पाण्यानं भरत होते. डाळीचा जीव डाळीत असतो, वरच्या पाण्यात फारसं काही नसतं. आईच्या दुधातसुद्धा त्या पेजेपेक्षा जास्त ताकद असते. म्हणजे मी चांगलं दूध बाजूला सारून पाणी पाजत होते, आणि ते पातळ असल्यामुळे वर यायलाही सोपं. सहा ते आठ महिन्यांच्या, आईचं दूध पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 200 कॅलरी लागतात. शिवाय जन्माच्या वेळी सोबत आणलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो. गाळलेल्या पेजेतून लोह कुठून येणार?

चमचा तिरका केला तर अन्न लगेच ओघळू नये, अलगद पडावं, इतकं दाट हवं. हे मी रोज ओट्यापाशी उभी राहून करून बघायचे. हसू येतं आता.

मग घरी काय बदललं? पदार्थ जवळजवळ काहीच बदलले नाहीत. तेच नाचणीसत्त्व, तीच खिचडी, वर अर्धा चमचा तूप. बदललं ते बाकीचं. आडवं घेणं बंद. पाठीला आधार देऊन ताठ बसवायची, पाय लोंबकळणार नाहीत असे टेकवायचे. आधी मी अंगावर पाजून लगेच भरवायचे, कारण मला वाटायचं पोट शांत असलं की खाईल. आता दूध आणि अन्न यांच्यात तास-सव्वा तास. चमचा लहान, उथळ, अर्धा भरलेला, आणि तो आत कोंबायचा नाही. ओठांपाशी धरायचा आणि वाट बघायची. ती पुढे आली, तोंड उघडलं, तर जिभेच्या पुढच्या भागावर टेकवायचा. तिनं ओठ मिटून ओढून घेतलं की चमचा बाहेर. मान फिरवली की संपलं. दोन चमच्यांवर संपलं तरी संपलं.

हे शेवटचं फार जड गेलं हो मला. पहिले चार दिवस ती दिवसाला सगळं मिळून सहा-सात चमचे खायची. सासूबाईंचा जीव तुटायचा. "अगं, असं कसं उपाशी ठेवतेस पोरीला?" मी म्हटलं, "आई, मॅडम म्हणाल्यात पंधरा दिवस बघू. अंगावर पितेय ना ती." त्या गप्प बसल्या, आणि मग त्यांनीच एक युक्ती काढली. चिऊच्या हातात एक रिकामा चमचा दिला. तो तोंडात घालायची, चघळायची, फेकायची, स्वतःच उबळ काढायची आणि स्वतःच हसायची. मला वाटतं तिची भीती त्या चमच्यानं गेली.

ओकली तर गाजावाजा नाही. पुसायचं, पाणी लावायचं, कपडे बदलायचे, "झालं गं बाळा" एवढंच. आधी मी ओकलेलं भरून काढायला लगेच दुसरी वाटी घ्यायचे. तसं करू नका. अर्ध्या-पाऊण तासानं मागितलं तर अंगावर पाजा. खाल्ल्यावर लगेच आडवं ठेवणं, वर उडवणं, खेळवणं टाळा. आमच्याकडे बाबा ऑफिसातून आले की पहिल्यांदा तिला उडवायचे, तोही कार्यक्रम जेवणाआधी घ्यायला लावला. सर्दी असेल तेव्हा कफामुळे उलटी जास्त होते, त्या दिवसांत कमी आणि मऊ द्या, ते दिवस हिशोबात धरू नका.

एक बारीकशी गोष्ट, जी कुठे ऐकली नव्हती. चिऊ सगळ्यांत जास्त ओकायची ती वरण-भाताला. कारण वरण पातळ आणि त्यात भाताची शितं मोकळी. तोंडाला कळतच नाही की गिळायचं की चावायचं. एखादं शीत जिभेवर मागे राहिलं की उबळ. सगळं एकजीव, दाट कुस्करलं तर तेच वरण-भात तिला चाललं. पण मिक्सरमधून काढू नका. म्हणजे पहिले काही दिवस ठीक आहे, पुढे चमच्यानं, मग काट्यानं, मग बोटांनी कुस्करा आणि हळूहळू मऊ गाठी राहू द्या. ओकेल या भीतीनं बरेच जण वर्षभर मिक्सरच चालवतात. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल भागातल्या हजारो मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास आहे. त्यात ज्यांना गाठी असलेलं अन्न नऊ-दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा मिळालं, त्यांच्या खाण्याच्या तक्रारी पुढे जास्त दिसल्या.

आता हे नीट ऐका, कारण प्रत्येक उलटी साधी नसते. उलटी हिरवी असेल, रक्त असेल, पोट फुगून कडक झालं असेल, बाळ मलूल पडलं असेल, सहा-आठ तास लंगोट कोरडा असेल, तर घरचे उपाय नकोत, लगेच दवाखाना. दर वेळी जोरात, लांब फवाऱ्यासारखी उलटी होत असेल किंवा वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, धाप लागणं, ही ॲलर्जी. आणि एक प्रकार असा की खाताना काही होत नाही, पण एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या सुरू होतात, बाळ पांढरं फटक आणि ढिलं पडतं. पुन्हा तोच पदार्थ दिला की पुन्हा तसंच. याला डॉक्टर एफपीआयईएस म्हणतात. गाईचं दूध, सोया, ओट्स, आणि आश्चर्य वाटेल, पण तांदूळसुद्धा याला कारण ठरू शकतो. "भातानं कधी कुणाला काही होतं का," असं आमच्याकडे सहज म्हणतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. यासाठीच नवीन पदार्थ एकेक द्या, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि किती वाजता दिला, किती वाजता ओकलं, ते लिहून ठेवा. माझी ती वही मॅडमना फार उपयोगी पडली. उलटीचं औषध मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणू नका. आणि वर्षाच्या आत मध नको, उष्टावणाच्या दिवशी चाटवण्यापुरताही नको.

पंधरा दिवसांनी चिऊ एका वेळी पाव वाटी खायला लागली. नऊ महिन्यांची झाली तेव्हा वजन 7.6. आलेखावरची रेघ पुन्हा चढायला लागली. ते कार्ड मी सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी कोण रेघ बघत होतं? रडतंय म्हणजे भुकेलंय, एवढंच माहीत."

आता ती चौदा महिन्यांची आहे. चपातीचा तुकडा तुपात भिजवून दिला तर खाते, चिकू मात्र अजून ओकते. चिकू तूर्तास बंद आहे, पुढच्या महिन्यात परत बघू.

मैत्रिणीनं काल सांगितलं की तिच्या बाळानं सलग दोन दिवस चार-चार चमचे खाल्ले आणि फक्त एकदा ओकलं. तिनं वाटीचा फोटोही पाठवला, अर्धी भरलेली. मी तिला लिहिलं, वाटी राहू दे, पुढच्या आठवड्यात वजन करून ये आणि तो आकडा पाठव.

पुढच्या भागात बाळाच्या झोपेबद्दल बोलू. तोवर येते मी, बाळं सांभाळा.