पाणीपट्टीचा हिशेब घरोघरी कळावा
(भाषणाचा मजकूर)



माजलगाव तालुक्यात सिंदफणेवर मोठे धरण उभे राहिले. तथापि, जलाशय आणि दिंद्रुडसारख्या गावातील घरचा नळ यांच्यामध्ये पुष्कळ खर्च असतो. पाणी धरणाचे असो वा विहिरीचे. पंपाची वीज, जलवाहिनीची दुरुस्ती, टी.सी.एल. पावडर आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतन यांसाठी पैसा लागतोच. तो प्रामुख्याने पाणीपट्टीतून उभा राहावा, अशी अपेक्षा असते. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 124 मध्ये सामान्य व विशेष पाणीपट्टीची तरतूद आहे. नळजोडणी घेणाऱ्यास विशेष पाणीपट्टी द्यावी लागते.

पट्टी थकण्याचे एक कारण गरिबी. दुसरे, बिल न उमगणे. समजा, वर्षाची मागणी 1,200 रुपये आणि मागील थकबाकी 900 रुपये आहे. बिलावर 2,100 रुपये पाहून कुटुंबप्रमुखास दर वाढल्याचा भास होतो. वस्तुतः दर तोच असतो. यास्तव बिल हाती येताच चालू मागणी व थकबाकी हे दोन आकडे वेगळे पाहावेत, जुनी पावती जपावी आणि शंका आल्यास नमुना 9 च्या मागणी नोंदवहीशी ताडून घ्यावे.

जेथे मीटर आहे तेथे हिशेब अधिक सोपा. एक घनमीटर म्हणजे 1,000 लीटर. 2019 मध्ये घोषित झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज 55 लीटर हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरास त्यानुसार दिवसाला 275 आणि तीस दिवसांत 8,250 लीटर लागतील. आता गळका नळ पाहा. दहा मिनिटांत एक लीटरचा तांब्या भरत असेल, तर महिन्यास 4,320 लीटर पाणी वाया जाते. म्हणजे त्या कुटुंबाच्या निम्म्याहून अधिक गरजेइतके. ठोक दराच्या गावात ही गळती बिलात दिसत नाही. ती दिसते शेवटच्या गल्लीतील रिकाम्या घागरींत.

थकबाकी साचून पंपाची वीज तुटली, तर नियमित पट्टी भरणाऱ्याचाही नळ कोरडा पडतो. मग घागर लेकीबाळींच्या डोक्यावर येते आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागते. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी पोहोचविण्याचे मोल मराठवाड्यास निराळे सांगावयास नको.

म्हणून पंचायतीने पाणीपुरवठ्याचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि फलकावर लावावा. शिक्षकांनी घरच्या बिलाचे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे. अडचणीतील कुटुंबास हप्त्याने भरण्याची वाट दाखवावी. हिशेब उघडा असला की पट्टी मागणाऱ्यास संकोच राहत नाही आणि भरणाऱ्यास शंका राहत नाही.