पेन्सिलीने लिहिलेला ऑफ



मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली, शेवटची नऊ इन्चार्ज सिस्टर म्हणून. ड्युटी-लिस्ट आम्ही पेन्सिलीने लिहायचो. खोडायला बरी पडते. एका मुलीचा रविवारचा ऑफ मी ओळीने तीन आठवडे खोडला. हाताला ती इतकी हलकी, की सुई कधी गेली ते पेशंटला कळत नसे. चौथ्या आठवड्यात ती राजीनामा घेऊनच आली. लिस्टवर तिच्या नावासमोरचा कागद घासून घासून विरला होता.

अशा मुली नोकरी सोडून पैशासाठी आखातात जातात, असं म्हणून आपण मोकळे होतो. पैसा आहेच, नाही कशाला म्हणू? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने सांगितलं, की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने सरकारी नर्सइतका पगार द्यावा; ५० खाटांच्या आतल्यानेही महिना २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. शिफारस झाली, अंमल राज्यांवर राहिला. काही ठिकाणी तर बॉण्ड लिहून घेतात, मूळ सर्टिफिकेटं कपाटात ठेवतात. त्याला मी टिकवणं म्हणत नाही, अडकवणं म्हणते.

पण माझा मुद्दा खोडरबराचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं, की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा. ही जादा माणसं आमच्याकडे कधी आलीच नाहीत. त्यांचं काम माझं खोडरबर करत होतं! रात्री तीस पेशंटवर एकटी सिस्टर मी स्वतः लावली आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास २००२ साली आला. नर्सवर एक पेशंट वाढला, की तिच्या थकून विटण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते आणि ऑपरेशन झालेला पेशंट दगावण्याची ७ टक्क्यांनी.

शेवटच्या वर्षी मी लिस्ट शाईने लिहायला लागले, तीही महिनाभर आधी. कुणी आजारी पडलं तर जादा ड्युटी मीच घ्यायची, ट्रॉली मीच ढकलायची. मेट्रनबाई म्हणाल्या, "हे इन्चार्जचं काम नाही." नसेल. त्या वर्षी माझ्या वॉर्डातून एकच सिस्टर गेली, आणि तीही लग्न होऊन नागपूरला.