निजामाबादची काळी भांडी
(अभ्यासवर्गातील भाषण)



मातीच्या भांड्याचा विषय निघाला की रेल्वेतला माणूस थेट कुल्हडवर येतो. २००४ साली रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी स्थानकांवर कुल्हड आणले. २०२० साली पीयूष गोयल यांनी पुन्हा तीच घोषणा केली. एकच घोषणा दोनदा करावी लागते, यातच काय ते आले. पण आज आपण बोलणार आहोत ती भांडी चहा पिऊन फेकायची नव्हेत. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यात निजामाबाद म्हणून एक गाव आहे. तिथली काळी, चकचकीत सुरया-फुलदाणी आणि त्यांवरची रुपेरी वेलबुट्टी आपल्यापैकी काहींनी प्रदर्शनांत पाहिली असेल.

माती तिथलीच, साधी. भांडे चाकावर घडते, पण खरे कसब त्यानंतरचे. सुकलेल्या भांड्याला मोहरीचे तेल चोळतात आणि टोकदार काडीने त्यावर वेली, पाने, फुले हाताने कोरतात. काडी जरा जोरात दाबली तर भांडे वाया.

काळेपणा रंगाचा नाही. बंद भट्टीत भाताच्या तुसाचा धूर कोंडतात. वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकलेल्या आपल्या जुन्या फायरमनना हे समजावायला नको : हवा कमी पडली की जाळ काजळतो. ती काजळी मातीच्या छिद्रांत शिरते आणि मातीतल्या लोहाचा तांबडेपणाही हवेअभावी जातो. हेच भांडे मोकळ्या हवेत भाजले तर कुंडीसारखे तांबडे निघेल.

शेवटी कोरलेल्या रेषांत जस्त आणि पारा यांची पूड भरतात, शिसे-कथीलही वापरतात. धुऊन पुसले की काळ्यावर रुपेरी वेल उमटते. बघणारा वाहवा करतो. आमचा प्रश्न इथेच सुरू होतो. पारा आणि शिसे दोन्ही विषारी. पाऱ्याची वाफ दिसत नाही, पण मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर घाव घालते. शिसे लहान मुलांना जास्त बाधते. आणि हे काम बहुतेक राहत्या घरी चालते. चार-पाच माणसांच्या घरगुती कामाला कायदा कारखाना मानत नाही. म्हणून तिथे तपासनीस नाही, ईएसआयचे कार्ड नाही. आपल्याला ड्यूटीवर इजा झाली तर कागद पुढे सरकवायला निदान युनियन आहे.

२०१५ साली या भांड्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. जून २०२२ मध्ये जर्मनीतल्या जी-७ परिषदेत आपल्या पंतप्रधानांनी ती जपानच्या पंतप्रधानांना भेट दिली. आनंद आहे. निर्देशांक नकली मालापासून नाव वाचवतो. पूड भरणाऱ्याच्या हातात हातमोजे घालणे त्याच्या कक्षेत येत नाही.

आमची सूचना साधी आहे. सेवानिवृत्तीच्या समारंभात शाखा घड्याळे आणि स्टीलचे डबे देतात. यंदा काही शाखांनी ही भांडी थेट कारागिरांकडून मागवावीत. मागवताना पूड कशाची ते विचारावे, आणि शक्यतो भरणीविना नुसती कोरीव काळी भांडी मागावीत. तीही देखणी दिसतात. भरणीचे भांडे कुणाकडे असेल तर ते शोभेला ठेवा, त्यात दही-लोणचे नको. पार्सल पेंढ्यात नीट बांधायला सांगा. वाटेत ते आपल्याच टपालवाल्यांच्या आणि पार्सल ऑफिसातल्या साथींच्या हातून जाणार आहे, तेव्हा उतरवताना जरा जपून.