अस्सल बरहुकूम नक्कल



साहित्याच्या व्यासपीठावरून मी आज घड्याळाविषयी बोलणार आहे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण विषय खरे तर दोन शब्दांचा आहे: अस्सल आणि नक्कल. दोन्ही शब्द मुळात अरबी. फारसीच्या वाटेने ते मराठी दप्तरात आले आणि तिथेच रुळले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुने इनामाचे, वतनाचे कागद असतील. त्यांतल्या प्रतीवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा असला, तर त्याचा अर्थ इतकाच, की ही प्रत मूळ कागदाप्रमाणे आहे. ती नक्कल आहे आणि तसे स्वतःच सांगते. या शेऱ्याचे मोल मला एका घड्याळाने शिकवले.

माझ्या सत्तरीला भाच्याने ओमेगा स्पीडमास्टर दिले. ‘मामा, ओळखीतून स्वस्तात मिळाले,’ म्हणाला. स्वस्त म्हणजे त्याचे दोन पगार. काही महिन्यांनी ते बंद पडले, म्हणून आमच्या नेहमीच्या घड्याळजींकडे नेले. त्यांनी झाकण उघडले, क्षणभर पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, ‘काका, हे कोणी दिले?’

आत बॅटरी होती. स्पीडमास्टरचे हे रूप चावीचे असते. मग त्यांनी मला एकेक फरक दाखवला. हे क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ दाखवता दाखवता मधला अवधीही मोजणारे घड्याळ. अस्सल घड्याळात मोजणीचा काटा सेकंदाला सहा बारीक टप्पे घेत सरकतो. माझा सेकंदाला एकच उडी घेत होता. अस्सल घड्याळात काटा थांबवून खालचे बटण दाबले की तो एका झटक्यात बारावर येतो. माझा रेंगाळत, चक्कर मारून आला. सहाच्या जागी असलेली छोटी तबकडी मोजणीचे १२ तास धरते. माझ्यातला तो काटा दिवसाचे २४ तास दाखवत मुख्य काट्याच्या मागे नुसता फिरत होता. अस्सल प्लॅस्टिक काचेच्या मधोमध भिंगाखाली ओमेगाची इवलीशी खूण दिसते. माझी काच कोरी होती.

आता एक अडचणीची गोष्ट सांगतो. आजच्या स्पीडमास्टरला दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. साधे बॅटरीचे घड्याळ महिन्याभरात सहसा वीस-एक सेकंदच चुकते. म्हणजे चालू होती तोवर माझी नक्कलच अधिक अचूक होती! मग खोटे नेमके कुठे होते?

यंत्राची नक्कल करणे हेच खोटे म्हणावे, तर १९६१ साली बंगळुरूत एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे करायला घेतली, तीही खोटी ठरतील. पण तबकडीवर नाव एचएमटीचे होते. आपल्या वडीलधाऱ्यांनी ती अभिमानाने मनगटावर बांधली. चीनमधल्या तिएंजिनच्या कारखान्याने १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या व्हीनसची यंत्रसामग्री विकत घेऊन क्रोनोग्राफ केला, तोही आपल्या नावाने. त्या वंशातले यंत्र आजही बनते आणि स्वतःच्या नावाने सन्मानाने विकले जाते. तेच यंत्र दुसऱ्याचे नाव लिहिलेल्या तबकडीखाली बसवले की त्याचे सोंग होते. यंत्र तेच, पण साक्ष खोटी.

तबकडीवरचे नाव ही साक्षच असते. नासाने निरनिराळ्या कंपन्यांची घड्याळे उष्णता, थंडी, निर्वात, धक्के आणि कंपने यांतून काढली; त्यांतून टिकलेल्या स्पीडमास्टरला १९६५ साली मान्यता दिली. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानातली प्राणवायूची टाकी फुटली. वीज वाचवण्यासाठी उपकरणे बंद ठेवावी लागली. परतीची वाट सुधारायला इंजिन १४ सेकंद चालवायचे होते. ते १४ सेकंद जॅक स्विगर्ट यांनी मनगटावरच्या ओमेगावर मोजले. त्या नावाला जी किंमत आहे, ती अशा परीक्षांतून आली आहे. नक्कल करणारा घड्याळाचे रूप उचलतो आणि ही कमाई न करता तिचा मोबदला घेतो. माझ्या बाबतीत तो मोबदला भाच्याच्या खिशातून गेला.

भाच्याला सांगावे की नाही, यात माझे आठ दिवस गेले. त्याचे मन दुखावेल, म्हणून गप्प बसलो असतो, तर मीही त्या खोट्या साक्षीत सामील झालो असतो. शेवटी सांगितले. तो बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, ‘मामा, फेकून द्या.’

मी फेकले नाही. बॅटरी बदलून घेतली आणि घड्याळ डबीत ठेवले. आपल्या घरांत वस्तू पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पुढे नातवंडांपैकी कोणी डबी उघडेल, कदाचित विकायलाही नेईल. त्याची फसगत होऊ नये, म्हणून आत एक चिठ्ठी घातली आहे: ‘ही नक्कल आहे. भाच्याने दिली. देण्यामागचे प्रेम अस्सल.’