पदवीच्या वर्गांतील गणित-संशोधन



छत्रपती संभाजीनगरांतील एखाद्या महाविद्यालयांत पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी गणित-विभागाच्या दाराशीं येऊन उभा राहतो आणि दबल्या आवाजांत विचारतो, "सर, प्रकल्पासाठीं एखादा विषय द्याल का?" प्रश्न साधा दिसतो, परंतु पुढचें अख्खें वर्ष सार्थकीं लागणार कीं वायां जाणार, हें पुष्कळदां तो कसा विचारला गेला यावरच ठरतें.

प्रथम व्यवस्था काय आहे तें पाहूं. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवी-अभ्यासक्रमाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची व चार वर्षांची १६० श्रेयांकांची आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षीं संशोधनाचा मार्ग घेतां येतो, आणि अध्यापकाच्या देखरेखीखालीं करावयाच्या प्रकल्पास त्यांत १२ श्रेयांक ठेवलेले आहेत. महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांना ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. त्या पहिल्या तुकडीचें चौथें वर्ष २०२७-२८ मध्यें येतें.

मराठवाड्यांतील कित्येक घरांत एक वर्ष अधिक शिकणें म्हणजे एक वर्ष उशिरा मिळविता होणें. त्या वर्षाच्या अखेरीस मुलाच्या हातीं केवळ सोनेरी अक्षरांची एक बांधीव वही आली, तर घराची फसगत झाली असेंच म्हणावें लागेल. परंतु अनोळखी प्रश्नाशीं स्वतःच्या बळावर झुंजण्याची संवय जर त्यास लागली, तर तें वर्ष स्वस्तच पडलें.

या भूमीस असा उद्योग परका नाहीं. कन्नडचा घाट उतरून चाळीसगांवच्या बाजूस गेलें कीं पाटण लागतें. तेथील शके ११२८ चा शिलालेख सांगतो कीं, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन केला. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. गुरूपाशीं बसून एकच ग्रंथ खोलवर उकलावा, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

अलीकडचें उदाहरण दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचें. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकत असतांनाच, १९२७ सालीं, स्वतंत्र गणिती कामाबद्दल त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें पारितोषिक मिळालें. पुढें ते देवळालीस शाळामास्तर झाले. उच्च पदवी नाहीं, विद्यापीठाचा आश्रय नाहीं. अनेक गणितज्ञांनीं त्यांचें काम क्षुल्लकही मानलें. तरीही १९४९ मध्यें त्यांनीं दाखविलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नांवानें ओळखिली जाते.

ती संख्या कशी येते? ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमानें मांडून ५४३२, चढत्या क्रमानें २३४५, वजाबाकी ३०८७. हीच कृति पुन्हां केली कीं ८३५२, आणि आणखी एकदां केली कीं ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या अधिकांत अधिक सात पायऱ्यांत येथेंच येऊन थांबते.

आतां आपल्या दारांतल्या विद्यार्थ्याकडे वळूं. त्यानें विषय मागूं नये. एक लहानसा प्रश्न घेऊन जावें. तीन अंकी संख्यांचें काय होतें? त्या ४९५ वर थांबतात. पण कां? संगणकानें सर्व संख्या तपासून दाखविल्या तर ती पडताळणी झाली, कारण कळलें नाहीं. कागदावर मांडलें तर दिसतें कीं मधला अंक वजाबाकींत नाहींसा होतो आणि बाकी नेहमीं ९९ च्या पटींत येते. म्हणून ९९ पासून ८९१ पर्यंत केवळ नऊ संख्या तपासावयाच्या उरतात. ९९ हीही ०९९ अशी तीन अंकी धरावी, इतकेंच. मग दहाऐवजीं दुसरा पाया घेऊन अंक लिहिले तर काय होईल? असा प्रश्न एका पानावर लिहून नेणाऱ्यास कोणताही शिक्षक सहसा परत पाठविणार नाहीं.

हें जाणें तिसऱ्या वर्षाच्या मध्यासच झालें पाहिजे. ज्या शिक्षकाचा विषय मनापासून आवडला, त्याच्याकडे आधीं जावें. आठवड्यांतील कोणता तास, कोणतें पुस्तक, किती लेखन केव्हां दाखवावयाचें, आणि प्रश्न सुटलाच नाहीं तर काय सादर करावयाचें, या चार गोष्टी पहिल्याच भेटींत ठरवाव्या. आपल्या महाविद्यालयांत योग्य मार्गदर्शक नसेल, तर प्राध्यापकांच्या अनुमतीनें विद्यापीठाच्या गणित-विभागांतील जाणत्यांचा सल्ला घ्यावा. १९५८ पर्यंत या शहरांतील महाविद्यालयें हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशीं जोडलेलीं होतीं, आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ गांवांतच आहे.

शिक्षकाकडेही जबाबदारी आहे. प्रश्न विद्यार्थ्याच्या मापाचा हवा. केंब्रिजमध्यें तरुण लिटलवूडला बार्न्स या मार्गदर्शकानें रीमानचें गृहीतक सोडवावयास दिलें. तें अजूनही सुटलेलें नाहीं. लिटलवूड असामान्य होता, म्हणून त्यानें त्यांतूनही फळ काढलें. सामान्य मुलगा तेथें खचेल. पदवीच्या प्रकल्पांत जगास नवें असें कांहीं निघालेंच पाहिजे असें नाहीं; एखादा ज्ञात सिद्धांत पूर्णपणें समजून, स्वतःचीं उदाहरणें घालून, स्वतःच्या शब्दांत मांडला तरी तें खरें काम आहे.

खरी भीति नकलेची. पूर्वीं दुसऱ्यांचे परिच्छेद उतरून काढीत. आतां संगणक मागाल तें लिहून देतो. यावर उपाय जुनाच आहे. दर आठवड्यास पुस्तक मिटवून विद्यार्थ्यानें खडू हातीं घ्यावा व फळ्यावर सिद्धता करावी. जेथें अडेल तेथें त्याचा अभ्यास संपला व उसनवारी सुरू झाली, हें दोघांसही कळतें. ज्यांचें जें घेतलें त्यांचें नांव द्यावें, आणि चुकलेले प्रयत्नही वहींत तारखेनिशीं ठेवावे.

शेवटीं घरच्या वडीलधाऱ्यांस एक विनंति. मुलगा वा मुलगी रात्रीं वजाबाक्या मांडीत बसलेली दिसली, तर "याचा उपयोग काय?" असें लगेच विचारूं नका. "आज कोठें अडलें?" असें विचारा. तें सांगतां सांगतांच पुष्कळदां गांठ सुटते. आणि नाहींच सुटली, तर पुढच्या आठवड्यांत गुरूच्या दाराशीं घेऊन जावयास एक नेमका प्रश्न तरी हातीं येतो.