मळक्या कोटातला जॉन



कॉमिक्स वाचायला मी लागले ते पन्नाशीनंतर. लहानपणी आमच्या घरात ती येत नसत. इंद्रजाल कॉमिक्स तेव्हा मराठीतही निघत, वर्गातली मुलं वेताळ आणि मॅण्ड्रेक बाकाखाली धरून वाचत, आणि मला ते नायक दुरूनच माहीत होते. सगळे देखणे, धिप्पाड आणि कधीच न चुकणारे. अलीकडे भाचीनं एक इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं, आणि त्यातल्या एका माणसानं मला जो लळा लावला, तो काही सुटत नाही. त्याच्याविषयीच आज बोलणार आहे. त्याचं नाव जॉन कॉन्स्टंटाइन.

अंगात मळका लांब कोट, गळ्यात सैल टाय, पिवळे विस्कटलेले केस आणि बोटांत कायम सिगारेट. त्याला उडता येत नाही, भिंती फोडता येत नाहीत. जादू येते, पण लढाया तो जिंकतो त्या बहुतेक जिभेच्या आणि डोक्याच्या जोरावर. थापा मारतो, फसवतो, समोरच्याचा कच्चा दुवा हेरतो. लिव्हरपूलच्या कष्टकरी घरातलं हे पोर. जन्म देताना आई गेली आणि त्याचा दोष बापानं आयुष्यभर त्याच्याच माथी मारला.

हा जॉन १९८५ साली ‘स्वॅम्प थिंग’ या अमेरिकी मालिकेत पहिल्यांदा आला. गायक स्टिंगसारखा चेहरा काढायची हौस चित्रकार स्टीव्ह बिसेट आणि जॉन टोटलबेन यांना होती. त्या चेहऱ्याला माणूस दिला तो लेखक ॲलन मूर यांनी. गोष्टींतले जादूगार तोवर बहुधा खानदानी असत. मोठा वाडा, जुनी पुस्तकं, दाराशी नोकर. मूर स्वतः नॉर्दॅम्प्टनच्या कामगार वस्तीत वाढलेले. त्यांनी जादूगार रस्त्यावर आणला. १९८८ मध्ये जॉनची स्वतःची मालिका सुरू झाली, ‘हेलब्लेझर’. तिचे पहिले लेखक जेमी डिलेनो. २०१३ पर्यंत तिचे ३०० अंक निघाले, आणि या सगळ्या काळात जॉनचं वय खऱ्या माणसासारखं वाढत गेलं. १९५३ चा त्याचा जन्म, १९९३ मध्ये तो चाळीस वर्षांचा झाला. कॉमिक्सच्या दुनियेत ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. तिथले बाकीचे नायक वर्षानुवर्षं तिशीतच असतात.

आता तुम्ही विचाराल, अशा लबाड माणसावर जीव का जडावा? कारण त्याच्या लबाडीची किंमत गोष्ट कधी लपवत नाही. तरुणपणी न्यूकॅसलमध्ये ॲस्ट्रा नावाच्या एका लहान मुलीला वाचवायला तो गेला. एका भुताला आवरायला त्यानं दुसरं, अधिक बलाढ्य भूत बोलावलं. बोलावलं खरं, पण ते त्याला बांधता आलं नाही. पोरगी नरकात ओढली गेली, हा वेड्यांच्या इस्पितळात जाऊन पडला. पुढेही त्याच्याभोवतीचे मित्र एकेक करून जातात, बरेचदा त्याच्याच डावापायी. तो त्यांना विसरत नाही, आणि डाव टाकणंही सोडत नाही. मी त्याला माफ करत नाही. तरीही प्रत्येक पानावर वाटतं, या वेळी तरी हा सुटू दे.

१९९१ साली गार्थ एनिस हा उत्तर आयर्लंडमधला लेखक मालिकेवर आला. विशीतला मुलगा! त्यानं पहिल्याच कथेत जॉनला फुप्फुसाचा कॅन्सर दिला. राक्षसांशी झुंजलेला माणूस सिगारेटपायी मरायला टेकतो. देवदूत गॅब्रिएलकडे तो मदत मागतो, तिथून हाकलला जातो. हॉस्पिटलात मॅट नावाचा एक म्हातारा रुग्ण त्याला भेटतो. दोघे गप्पा मारतात, मरणाविषयी उघडपणे बोलतात. जॉन वाचतो, मॅट मरतो. ती पानं मी पुन्हा पुन्हा काढून वाचते.

तो वाचतो कसा, हे ऐकण्यासारखं आहे. आयर्लंडमध्ये त्याचा ब्रेंडन नावाचा जुना मित्र असतो, पक्का पिणारा, तोही मरायला टेकलेला. त्यानं आपला आत्मा सैतानाला विकलेला. सैतान वसुलीला येतो. जॉन त्याला म्हणतो, आलाच आहेस तर एक पेला घे. काळी बिअर असते ती, पण जादूनं केलेली. मूळचं ते पवित्र पाणी. सैतानाच्या पोटात गेल्यावर जॉन जादू मोडतो. सैतान तडफडत पडतो, वसुलीची वेळ टळते आणि मित्राचा आत्मा सुटतो. अर्थात सैतान आता जॉनच्या मरणाची वाटच बघत बसतो. मग जॉन आपला आत्मा गुपचूप नरकाच्या आणखी दोन धन्यांना विकतो आणि स्वतःची नस कापून घेतो. तो मेला, तर एकाच आत्म्यावर तिघांचा हक्क. तिघांत युद्ध जुंपणार आणि नरक उद्ध्वस्त होणार. म्हणून तिघांनाही, दातओठ खात, त्याला बरं करावं लागतं. ज्याच्या हातात काही उरलेलं नाही, त्यानं आपलं मरणच हत्यार केलं! बलदंड नायकाला हे सुचलं नसतं, कारण त्याच्यावर ती वेळच येत नाही.

जॉनचा राग वरच्या लोकांवर आहे, मग ते नरकातले असोत की लंडनमधले. मालिकेच्या तिसऱ्याच अंकात, १९८७ च्या ब्रिटिश निवडणुकीच्या काळात, सुटाबुटातली भुतं शेअर बाजारासारखा आत्म्यांचा बाजार मांडून बसलेली दिसतात. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या काळातला बेकार तरुणांचा संताप मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा त्या पानांतून जास्त कळला.

२००५ साली त्याच्यावर हॉलिवूडचा चित्रपट आला. कॅन्सरची गोष्ट त्यात घेतली, पण जॉनला काळ्या केसांचा अमेरिकी केलं आणि लॉस एंजेलिसला नेऊन ठेवलं. किआनू रीव्हजचं काम चांगलं आहे. पण लिव्हरपूलच्या गल्लीत मुरलेली ती खोडी आणि बड्यांबद्दलची ती अढी त्यात नाही. माझा जॉन तो नव्हे.

ही पुस्तकं मुलांसाठी नाहीत, हे स्पष्ट सांगते. रक्तपात आहे, शिव्या आहेत, भीती आहे. पण तुमच्यासारख्या मोठ्यांना, विशेषतः कॉमिक्स म्हणजे पोरखेळ असं मानणाऱ्यांना, माझी मनापासून विनंती आहे. एकेचाळीस ते सेहेचाळीस या सहा अंकांची ही कॅन्सरची कथा ‘डेंजरस हॅबिट्स’ या नावानं पुस्तकरूपात आलेली आहे. तिथून सुरुवात करा. जॉन आवडला, तर मग पहिल्या अंकाकडे वळा.